चार बेड, चार पडदे

ग्लेंडा गेली.
स्वतःच्या खोलीत शिरतानाही दार ठोठावून थांबणारी ग्लेंडा.

तिकडे तिच्या घराजवळ, रस्त्यावरच्या अपघातात. काल तिच्या जुन्या रूममेटचा, केटचा मेसेज आला.

ही पोस्ट फ्रेंड्सपुरतीच ठेवलीय. प्लीज शेअर करू नका. मी अजून इथेच, अबू धाबीत राहते.

ग्लेंडा मूळची वसईची. वाढली परदेशात, तिथल्याच सैन्यात भरती झाली. अबू धाबीच्या बाहेर त्यांचा तळ होता. सैनिकांच्या खोल्यांची व्यवस्था बघणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात मी. तिथे माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच.

तिला मुली आवडायच्या. तिने ते कधी लपवलं नाही. तिच्या सैन्यात ते चालायचं. गेटबाहेर मात्र इथला कायदा, तिथे गप्प राहायचं.

चौघींची खोली होती. बाकीच्या तिघी वाईट नव्हत्या. फक्त ही आली की बोलणं थांबायचं. कपडे उचलून एकेक जण बाथरूमकडे निघायची.
म्हणून ही दार ठोठावायला लागली.

मग केटने आमच्या साहेबांकडे तक्रार केली. प्रायव्हसी नाही, अवघडल्यासारखं होतं. साहेबांनी ग्लेंडाला सिंगल रूम द्यायचं ठरवलं.

मी म्हटलं, नशीबवान आहेस. मला कोणी दिली तर नाचत जाईन.
ती हसली नाही.
"मला बाहेर काढतायत गं. चांगल्या शब्दांत."

तेव्हा मी तिला आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या व्हिलाबद्दल सांगितलं. तिथे आम्ही नोकरी करणाऱ्या मुली एकेका खोलीत वाटून राहतो. आमच्या खोलीत प्रत्येकीच्या बेडला पडदा. कोणी कोणाला घाबरत नाही, पण पडदा ओढला की ती घरात नाही असं समजायचं. आत रडा, भांडा, कपडे बदला.

केट म्हणाली, चालेल, हिच्या बेडला लावा.
ग्लेंडा म्हणाली, "लावायचे तर चारही बेडना. नाहीतर मी आपली सिंगल रूममध्ये जाते."

मी साहेबांच्या मागे लागून चार पडदे बसवून घेतले. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. नियम नीट लिहिला की माणसं नीट वागतात, असं मला मनापासून वाटायचं.

तक्रारी थांबल्या. साहेब खूश.

ग्लेंडा लाँड्रीपाशी भेटली. विचारलं, आता बरं आहे ना?
"खूप शांत आहे. चारही पडदे बंद. आता तर मी आलेय हेही कोणाला कळत नाही."

तेव्हा लक्षात आलं. मी तिला पडदा सांगितला, चहा सांगायचा राहिला.

आमच्याकडे ड्यूटीवरून आल्यावर एक जण चहा टाकते आणि प्रत्येक पडद्याबाहेर उभी राहून विचारते. पडदा उघडायचा नाही, आत डोकावायचं नाही. फक्त हाक मारायची. नको असेल तर आतून नको म्हणायचं. पण विचारायचंच. रुसलेलीलाही.

आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलंय की सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

मग तेही सांगितलं. ग्लेंडाने इलेक्ट्रिक किटली आणली.
पहिले कित्येक दिवस तीन पडद्यांआडून तीनदा "नको".
तरी विचारत राहिली. मला म्हणायची, आज केटचा "नको" जरा मऊ होता.

मग एकदा केटने पडदा सरकवला आणि म्हणाली, साखर कमी.

त्या संध्याकाळी ग्लेंडाने मला फोन करून एवढंच सांगितलं. दोनदा सांगितलं.

पोस्टिंग संपली, चौघी आपापल्या गावी गेल्या. मी इथेच.

कालच्या मेसेजमध्ये केटने लिहिलंय, आम्ही तिघी तिच्या घरी पोचलोय. तिच्या आईने शेजाऱ्यांना आमची ओळख करून दिली, या माझ्या मुलीच्या खोलीतल्या मुली.

वाचून मी खूप रडले. रूममधल्या मुलींनी विचारलं, कोण गेलं?
ऑफिसमधली एक जण, म्हटलं.
त्याहून जास्त मला त्यांना सांगता आलं नाही.

म्हणून इथे लिहिलं.

ग्लेंडा, तुझ्या खोलीतल्या मुली तुझ्याजवळ आहेत. मी लांब आहे, पण आहे.
जा बाई, सुखाने जा.