बाबा एकटे चहाला जातात

आमचं गाव सेलू तालुक्यातलं आणि गावातली माणसं फार चांगली. इतकी चांगली की त्यांच्यापायी माझ्या वडिलांना तीन वर्षं घराबाहेर एकटं पाऊल टाकता आलं नाही.

बाबांचे डोळे काचबिंदूने गेले. त्याआधी तीस वर्षं या माणसाने सायकलवर पाच गावांचं टपाल वाटलेलं. आता दिवसभर ओसरीत बसून राहायचे. चांगल्या माणसांत पहिला नंबर माझाच. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, आवाज घरीही वर्गातलाच. पाणी हातात, चप्पल पायात, आणि "बाबा, उठू नका" हे दिवसातून पन्नासदा.

मग वर्ध्याच्या एका संस्थेकडून मॅडम यायला लागल्या. मॅडम म्हणजे पंचविशीची मुलगी, दर मंगळवारी संध्याकाळी सिंदी मेघेहून स्कूटीवर येणारी. तिने बाबांच्या हातात पांढरी काठी दिली. उजवा पाय पुढे तर काठी डावीकडे, डावा पुढे तर उजवीकडे. बाबा महिनाभरात अंगण शिकले, मग गल्ली. शेवटचा धडा म्हणजे बसथांब्यावरची टपरी. चारशे पावलं जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. सोबत कोणी नाही.

"हे जमलं तर पुढे सेलूची बस शिकवीन," ती म्हणाली. "नाही जमलं तर संस्थेने या गावासाठी दिलेले माझे तीन महिने संपतात, काका. मला दुसरं गाव दिलंय."

बाबांना सेलूला जायचंच होतं. पोस्टातले जुने सोबती रविवारी तिथे जमतात. त्यांच्यासमोर कुणाचाही हात न धरता उभं राहायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते मला कधी बोलले नाहीत, मॅडमला मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं. मला ते लागलं.

पण गाव जाऊ देईल तर ना! पहिल्या मंगळवारी चक्कीवाल्याने मधेच दंड धरला. "काकाजी, रस्ता चुकले वाट्टे!" म्हणत त्यांना ओसरीत आणून बसवलं आणि वर मलाच रागावला. दुसऱ्या मंगळवारी तर कहर झाला. दूधवाल्याने "कुठं पायी चालले बाप्पा, बसा" म्हणून त्यांना मोटरसायकलवर घेतलं, चतुर्थी होती म्हणून थेट केळझरला नेलं, गणपतीचं दर्शन घडवलं आणि रात्रीच्या जेवणाला परत आणलं. चहाला गेलेला माणूस प्रसाद घेऊन आला. दूधवाला खूश. बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

शेवटी मॅडमने समाजमंदिरात बैठक घेतली. काकांना हात लावायचा नाही. मदत करायची असेल तर आधी विचारायचं. ते नको म्हणाले तर गप्प बसायचं.

"अन् नालीत पडले तर?" सरपंचबाईंनी विचारलं.

"पडतील. उठतील."

माझ्या मागून कोणी तरी पुटपुटलं, "हे पोरगी मदतीले आली का दुश्मनी काढाले?" खरं सांगते, मलाही तेच वाटलं होतं. तरी सगळ्यांनी कबूल केलं. मीही हात वर केला.

उजाडला शेवटचा मंगळवार. संध्याकाळी पाच वाजता बाबा काठी घेऊन निघाले. मॅडम ओसरीत बसली आणि मला म्हणाली, "ताई, तुम्ही पण बसा." मी म्हटलं, हो, बसते, चहा टाकते. स्वयंपाकघरात गेले आणि मागच्या दाराने बाहेर. आवाज नको म्हणून चपला तिथेच सोडल्या.

गल्लीत पाहते तर काय, गावाने शब्द अक्षरशः पाळलेला. कुणी हात लावत नव्हतं, बोलतही नव्हतं. हातपंप बंद. एका बाईने बकरीचं तोंड दाबून धरलेलं. आणि बाबांच्या मागे दहा पावलांवर वीस माणसं, पाय न वाजवता चाललेली.

बाबा थांबले. वीसही थांबले.

"गावात कोणी मेलं काय?" बाबांनी विचारलं.

सरपंचबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"चक्कीवाले, तुमची डावी चप्पल घासते. घरी जा. सरपंचबाई, तुमची जोडवी वाजून राह्यली. अन् त्या दूधवाल्याले सांगा, गमबूट घालून चोरपावलानं चालता येत नाई."

तीन वर्षं ओसरीत बसून या माणसाने दुसरं केलं काय होतं? गावातला एकेक पाय पाठ करून ठेवला होता. माणसं हसत, लाजत पांगली. मी एका भिंतीच्या आड. माझं नाव निघालं नाही. मनात म्हटलं, सापडले नाही बुवा.

बाबा पुढे चालले. वळणावर काठी नालीत गेली, पाय अर्धा. माझ्या तोंडून किंकाळीच निघणार होती, पदर दाताखाली धरला. त्यांनी काठीने कड शोधली, पाय काढला, झटकला आणि निघाले. टपरीच्या बाकाला काठी लागली तशी हाताने चाचपून बसले. मी मागोमाग जाऊन समोरच्या बाभळीखाली उभी राहिले.

"दोन चहा," ते म्हणाले. "एक मले. अन् दुसरा त्या बाभळीखाली उभी आहे तिले. अनवाणी आहे, काटा घुसन तिच्या पायात."

टपरीवाला हसू दाबत कप घेऊन आला. मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. मी जाऊन बाकावर बसले. "बाबा, पडले असते तर?"

"पडलो असतो," ते म्हणाले. "पिऊन घे. मंग तू पुढं जाय. मी येतो मांगून."

"पण बाबा..."

"जाय म्हटलं ना."

मी उठले, निघाले. मागे काठीची टकटक सुरू झाली. मागे पाहायचं नाही, असं मी स्वतःला बजावत होते. वळण आलं, तीच नाली. टकटक थांबली. मीही थांबले, आणि मान वळलीच.

"थांबली काऊन?" मागून बाबा ओरडले. "चाल पुढं!"