जीपमधून खाली टेकलेला पाय

सत्यशीला गजभिये यांचा कुणाच्या आश्वासनावर सहसा विश्वास बसत नसे. पुण्यात त्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या. पुढे घरूनच परगावी थेट फोन लागू लागले, ट्रंक कॉल संपले आणि त्यांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं. "संध्याकाळपर्यंत लाइन चालू होईल," हे वाक्य त्यांनी तिथे इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की दुसरं कुणी गोड आवाजात काही कबूल करू लागलं की त्यांच्या कपाळावर आठी पडे.

त्यामुळे मुलाने, बुद्धभूषणने, घरच्यांना घेऊन वाघ बघायला जायचं ठरवलं, तेव्हा बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये चौकशीच सुरू झाली. बुद्धभूषण हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होता. चार वर्षांच्या सोनूला बाप धड दिसायचा तो रविवारी. बऱ्याच दिवसांनी त्याला सुट्टी मिळाली होती.

"जीप उघडी असते ना?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"आई, सगळे जातात."

"सगळे जातात का, ते मी विचारलंच नाही."

मग त्या स्वतः सदाशिव पेठेतल्या टूरवाल्याकडे गेल्या. "शंभर टक्के सेफ, मॅडम," तो म्हणाला. "आणि वाघ दिसणार याची गॅरंटी."

"वाघ तुमच्याकडे नोकरीला आहे का?" एवढंच विचारून त्या परत आल्या.

त्यांचं माहेर चंद्रपूरकडचं. त्या लहान असताना त्यांची हिरामावशी विडीचा तेंदूपत्ता तोडायला वाघाच्या रानात गेली आणि परत आली नाही. ही गोष्ट सुनेने, भाग्यश्रीने, त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली. "मग तुम्ही नका येऊ, आई," ती हळूच म्हणाली.

"मी येणार. सोनूला कोण धरणार?"

जंगलात पोचल्यावर त्यांचा संशय गाइडवर गेला. बद्रीनाथ नावाचा तो माणूस जरा जास्तच हसत होता. "पाय बाहेर काढायचा नाही, उभं राहायचं नाही, बोलायचं नाही," हे त्याने निघतानाच सांगितलं; पण घोकलेल्या सुरात. वाटेत समोरून आलेल्या जीपच्या ड्रायव्हरने बोटांनी काहीतरी खूण केली आणि यांच्या ड्रायव्हरने न विचारता गाडी वळवली.

"काय ठरलं तुमच्यात?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"काही नाही, काकू," बद्रीनाथ म्हणाला. "नाल्याजवळ वाघीण बसली आहे म्हणतात."

त्यांनी सोनूला जीपच्या कडेच्या जागेवरून मधल्या जागी ओढलं आणि त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं.

वाघीण खरंच होती. बांबूच्या सावलीत, रस्त्यापासून थोड्याच अंतरावर. पुढे दोन जीपा, मागे एक. सगळे श्वास रोखून बघत होते. शर्टाचं टोक आजीच्या मुठीत असतानाच सोनू बापाच्या मांडीवरून बाहेर वाकला आणि त्याची टोपी जीपच्या बाहेर पडली.

"माझी टोपी," तो पुटपुटला.

गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या बुद्धभूषणने खाली पाहिलं. टोपी चाकापाशीच होती. त्याने एक पाय जीपच्या कडेवरून टाकला आणि खाली टेकवला.

वाघीण उठली. कान मागे गेले आणि गुरगुरत ती सरळ पुढे धावली. सत्यशीलाबाईंनी सोनूचा शर्ट सोडला, दोन्ही हातांनी बुद्धभूषणची कॉलर धरली आणि त्याला मागे खेचलं. बद्रीनाथने त्याचा दंड धरला होता. बुद्धभूषण सीटवर आदळला. वाघीण वाटेतच थांबली, क्षणभर बघत राहिली आणि बांबूत शिरली.

जीप परत फाटकापाशी आली. तिथे मागच्या जीपमधल्या एकाने तक्रार केली, की या गाइडने माणसाला खाली उतरू दिलं. वनखात्याचा साहेब बद्रीनाथला फैलावर घेऊ लागला. बद्रीनाथ मान खाली घालून उभा राहिला. शेजारी बुद्धभूषण कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत होता. तोही काही बोलला नाही.

सत्यशीलाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. आतापर्यंत त्यांनी टूरवाल्यावर, ड्रायव्हरवर, या गाइडवर डोळा ठेवला होता. मुलाकडे पाहायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्या जीपमधून उतरल्या. "साहेब, याने निघतानाच सांगितलं होतं. मी ऐकलंय. पाय माझ्या मुलाने टेकवला."

बुद्धभूषणला दुसऱ्या दिवशी आत जायची बंदी झाली. संध्याकाळी तो म्हणाला, "आई, लोकांसमोर सांगायची गरज होती का?"

"तू सांगितलं असतंस तर नव्हती."

दुसऱ्या सकाळी भाग्यश्री आणि सोनूला घेऊन सत्यशीलाबाईच गेल्या. बद्रीनाथच हवा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. वाघ दिसला नाही. रानगवे दिसले, ते मात्र त्यांना आवडले.

पुण्याला आल्यावर महिन्याभराने बुद्धभूषणच्या ऑफिसातला तेजस बायकोमुलांसह घरी आला. फोटो पाहून म्हणाला, "काकू, आम्हीपण जाऊ म्हणतोय. मुलांना घेऊन सेफ आहे ना?"

"मुलांचं ठीक आहे," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "तुम्ही कसे आहात?"

तेजस हसला. बुद्धभूषण हसला नाही. त्याने लॅपटॉप मिटला आणि टोपी पडली तिथपासून सगळं सांगितलं. फाटकापाशी आपण गप्प कसे राहिलो, तेसुद्धा. सत्यशीलाबाई शेवटपर्यंत त्याच्याकडे रोखून बघत होत्या. त्याने काही गाळलं नाही.