दिगंबरच्या खोकल्याचा हेवा

गड्यांनो, आज धारूरच्या बाजारात माझा चुलतभाऊ दिगंबर भेटला. मागच्या दिवाळीत त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पठ्ठ्यानं माझ्यासमोर बोकड उचलून टेम्पोत टाकला आणि वर गडी मोकळेपणानं खोकला.

त्या खोकल्यावर मी लई जळालो. खोकला आला की मी खिशात हात घालून जांघेतली गाठ दाबतो. लोकांना वाटतं, रुबाब हाय. आतून लंगोट आवळलेला असतो.

दिगंबरनं माझा हात बघितला. "लंगोटानं पोटाच्या पडद्याचं भोक बुजतंय का बे? मला डॉक्टरनं त्या भोकावर आतून जाळी बसवली. गाठ आत जाईना, वर उलट्या झाल्या, तर जिवावर बेततंय."

तो खरं बोलला, म्हणून जास्तच राग आला.

उद्या दवाखान्यात चाललोय. तुमी सांगा, तुमचा हात खिशात कावून हाय?