टपावरचा रूळ

छोट्या एसयूव्हीच्या टपावर काय काय नेता येतं, या विषयातला वडगावातला एकमेव जाणकार मी आहे. कुणी विचारायला येत नाही, ती गोष्ट वेगळी.

गाडी घेतल्यापासून रोज जेवण झालं की मी मोबाइलवर व्हिडिओ बघत आडवा व्हायचो. टपावर कॅरियर, कॅरियरवर वल्ह्यांची नाव, मागच्या दाराला सायकली, नाहीतर टपावर लांबट पेटी (ती हवा कापत जाते म्हणे!). शेवटी तळं, तळ्याकाठी तंबू, आणि तंबूपुढं चहा पीत बसलेला माणूस. त्या माणसाला उठवून मी तिथं बसायचो आणि डोळे मिटायचो. खाली आमचे पॉवरलूम खडखडत असायचे.

"काय बघतायसा एवढं?" बायको, सुमन, विचारायची.

"स्वप्न."

"मग आधी दळण आणा जावा."

शेवटी कॅरियर बसवलं. हवा भरायची रबरी नाव आली, तंबू आला, घडीच्या खुर्च्या आल्या. आणि योगही आला! सदलग्याच्या आक्काच्या पोरीचं, कावेरीचं, लग्न ठरलं. सदलग्याला दूधगंगा आहे. दुपारी अक्षता टाकायच्या, पंगत उरकायची आणि संध्याकाळी नदीकाठी तंबू!

अडचण एकच होती. मामाची पिवळी साडी नेसल्याशिवाय आमच्यात नवरी बोहल्यावर उभी राहत नाही. त्यात आम्ही विणकर. आमच्या घरचा रिवाज असा, की मानाची साडी घरी कापायची नाही. कापड मागाच्या रुळावर गुंडाळलेलं तसंच न्यायचं आणि नवरीच्या पुढ्यात मामानं कात्री लावायची. सगळ्यात आधी नवरीची विणायची, मग त्याच कापडात पुढं घरच्या बायकांच्या. म्हणजे रुळावर अगदी आत कावेरीची साडी, आणि सगळ्यात वर सुमनची.

"रूळ गाडीत आडवा ठेवूया," सुमन म्हणाली.

"गाडीत जागा न्हाय गं."

"का न्हाय?"

"नाव हाय."

तिनं माझ्याकडं जे बघितलं, ते लिहिण्यासारखं नाही.

रूळ टपावर चढवला. कुठल्याही शहाण्या माणसानं तो दोरीनं करकचून आवळला असता. पण मी पडलो विणकर! रेशमाला दोरी कशी लावणार? आणि रूळ काय लाकडाच्या ओंडक्यासारखा टाकतात होय? त्याची टोकं मागावर बसतात तशीच बसली पाहिजेत. मी कॅरियरला दोन्ही बाजूंनी कड्या बसवल्या, त्यात टोकं अडकवली आणि हाताच्या सवयीनं तेलाचे दोन थेंबही सोडले. बोट लावलं की रूळ गरगर फिरायचा. वरनं जुनी चादर, तिला सुताच्या गाठी.

"दोरी मार रं," माझे वडील, आप्पा, म्हणाले.

"आप्पा, मागावर कधी दोरी मारलासा काय?"

आप्पा मागच्या सीटवर जाऊन बसले. मला लई बरं वाटलं.

संकेश्वर मागं टाकून चिकोडीच्या रस्त्याला लागलो. कोवळं ऊन, दोन्हीकडं ऊस, उसाच्या तुऱ्यांवर वारा. आप्पा मागं नावेच्या घडीवर डोकं टेकून घोरत होते. आणि टपावर हळूच सुरू झालं... खटखट, खटखट, खटखट.

"वर काय वाजालंय हो?"

"वाजू दे."

खरं सांगतो, जन्मल्यापासून याच आवाजात झोपलोय. विणकराच्या घरात खटखट चालू म्हणजे सगळं ठीक! ऐकता ऐकता रस्ता पाण्यासारखा झाला आणि गाडी तरंगायला लागली. जग तरी किती मायाळू! उसाच्या फडातल्या बायकांनी हात हलवले, मीही हलवला. एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन वर बोट दाखवत ओरडला. "कॅरियर कुठनं घेतलं इचारालाय," मी सुमनला म्हणालो आणि त्याला अंगठा दाखवला. एका म्हातारीनं तर हातच जोडले! आरशात बघतो तर मागं आभाळात पिवळं, लांबलचक, लहरत काहीतरी येत होतं. सूर्यफुलाचं शेतच उडत निघालं होतं जणू.

"सुमन, मागं बघ! काय देखावा हाय!"

तिनं बघितलं. "अवो, ती माझी साडी हाय!"

मी ब्रेक मारला. कापड रस्त्यावर पसरलं आणि मागनं आलेल्या उसाच्या ट्रॅक्टरचं चाक टोकावर चढून थांबलं. खटखट बंद झाली. त्यासरशी आप्पा दचकून उठले. "कुठला माग बंद पडला रं?"

ट्रॅक्टरवाला उतरून कानडीत हाका मारतच आला. "एन्री! कवाधरनं हॉर्न मारालोय! साडी सुकवत निघालासा काय?"

तेवढ्यात आक्काचा फोन. "कुठं हाईस रं? भटजी घड्याळ बघालाय. पोरगी साडीसाठी थांबलीया."

कावेरीला मी खांद्यावर घेऊन यल्लम्माची जत्रा दाखवलेली. तिच्या लग्नात मामाची साडी रस्त्यावर! मला रडू फुटलं, लाज कसली सांगायची.

आप्पांनी मात्र टपावर चढून रूळ चाचपला. "रडतोस कशाला, येड्या? आतली साडी सुटल्याली न्हाय." नवरीची साडी जशीच्या तशी होती!

फडातल्या बायका धावल्या, मोटारसायकलवाला परत आला, सगळ्यांनी मिळून कापड गोळा केलं. रूळ आत घ्यायला नाव बाहेर काढावी लागली. ट्रॅक्टरवाल्यानं नाव, तंबू, खुर्च्या उसावर चढवल्या. "कारखान्यावरनं परत येताना देतो," म्हणाला.

मुहूर्त गाठला. मी कात्री लावली. कावेरी पिवळी साडी नेसून आली आणि वाकून म्हणाली, "मामा, लई देखणी हाय." माझे डोळे परत भरले.

सुमनला मी हळूच म्हणालो, "तू दुसरी नेस की."

"का म्हणून? माझ्या नवऱ्यानं विणलीया!" आणि ती नेसून मांडवभर फिरली. पदरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टायरची काळीभोर नक्षी.

विहीणबाईंनी पदर हातात घेतला. "डिझाइन नवीनच दिसतंय! कुणी काढलं?"

"ह्यांनीच," सुमन म्हणाली. "डोळं मिटून काढत्यात."

विहीणबाईंनी तिथल्या तिथं तशाच दोन साड्या सांगितल्या. तेव्हापासून मी चिकोडीच्या रस्त्यावर तो परत न आलेला ट्रॅक्टर शोधत हिंडतोय. नाव त्याला लखलाभ असो, मला टायर पाहिजे!