फळ्यावरचे ‘उत्तम’

निवृत्तीनंतर मी भीतभीतच लिहायला लागले. माझे पहिले लेखन छापले गेले नाही. ते शनिवार पेठेतील आमच्या चौकातल्या फळ्यावर खडूने उमटले. अक्षर सुवाच्य म्हणून मंडळाने रोजचा सुविचार माझ्याकडे सोपवला होता.

त्या सुमारास जवळच्या शाळेत लैंगिक शिक्षणाच्या तासांवरून पालकसभा झाली. माजी शिक्षिका म्हणून मलाही बोलावले होते. “पुरुषाला पुरुष आवडतो वगैरे सांगितलं, की मुलं तशीच होतात,” असे एक गृहस्थ म्हणाले. टाळ्या पडल्या. बोलायचे म्हणून मी उठले, आणि पंखा कमी करून खाली बसले.

शहराच्या टोकाला, मांजरी भागात राहणाऱ्या माझ्या मुलाने नुकतेच मला सांगितले होते, की त्याचे एका तरुणावर प्रेम आहे. त्यावर मी “जेवून जा” एवढेच म्हणू शकले होते. तेव्हापासून त्याचा फोन नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावर लिहिले: “आम्हाला कोणी काही सांगितले नाही, तरी आमचे सगळे उत्तम झाले. मुलांनीही काही विचारू नये, काही सांगू नये. घरात शांतता राहते.”

दुपारी तेच गृहस्थ दारात हजर. “अहो बाई, अगदी मनातलं लिहिलंत! फोटो टाकलाय चौकाच्या ग्रुपवर.”

मुलगा अजूनही त्या ग्रुपवर होता. ‘सांगू नये’ हे त्याला माझेच उत्तर वाटणार होते.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

“आई, फळा तू लिहिलास?”

“हो. पण अरे, ते...”

“एवढी कुणावर चिडली होतीस?”

तो हसत होता. वर्गात मी कधी आवाज चढवला नाही; गृहपाठ न करणाऱ्याला “उत्तम! असेच चालू ठेवा” म्हणत असे. तोही त्या बाकांवर बसला होता.

“तुझं ‘उत्तम’ खाल्लंय मी, आई. रविवारी आम्ही दोघं येऊ?”

“या. त्यांना तिखट चालतं ना?”

“त्यांना काय! अगं, लहान आहे तो माझ्यापेक्षा.”

“पहिल्यांदा घरी येतायत. मी अहो-जाहोच करणार.”

सकाळी मी फळा पुसू लागले, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, “राहू द्या की आजच्या दिवस.”

मी राहू दिला. मला मंडईत जायचे होते.