भय्याजींची लॉगबुक

त्या जानेवारीत आमच्या घरी सकाळी साडेनऊ ते साडेबारा कुकरची शिट्टी झाली नाही. भात पातेल्यात शिजायचा, मिक्सर बंद, दारावरच्या बेलचा सेल काढलेला. हुकूम माझ्या सासऱ्यांचा, भय्याजींचा. माझी मुलगी दीक्षा हिची गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा, फेब्रुवारीत याच वेळात होती. म्हणून घरातला सरावही याच वेळात, कॉम्प्युटरवर, पूर्ण तीन तास. भिलाईलगतच्या कुरुदमधल्या आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्यालाही हे पाठ झालं होतं. आमचं फाटक आलं की तो हाक न देता ठेला पुढे ढकलायचा.

भय्याजी छत्तीस वर्षं भिलाईच्या पोलाद प्लांटच्या रेल मिलमध्ये, रूळ बनतात तिथे, फिटर होते. भंडाऱ्याकडून एकोणिसाव्या वर्षी भिलाईला आले ते नववी पास होऊन. निवृत्तीनंतर सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सुटलं, कुरुदला घर झालं, तरी दिवस ते शिफ्टनेच मोजतात. सकाळचा चहा लांबला की म्हणतात, आज ए शिफ्ट लेट आहे. त्यांचा एक नियम सगळ्या घराला लागू: उघडलेली मशीन बंद केल्याशिवाय फिटर उठत नाही. दीक्षा सात वर्षांची असताना सायकलची उतरलेली चेन बसवायला बसली होती. मी जेवायला बोलावलं, ती उठली, तर भय्याजींनी तिला हात धरून परत सायकलपाशी बसवलं. ताटातल्या पोळ्या गार झाल्या. मला रागच आला होता, पण चेन बसली, आणि मुलगी कायमची तशी झाली. घेतलं ते पुरं करायचं.

आदल्या वर्षी तिची गेट चार गुणांनी हुकली. मग तिने स्वतःच ठरवलं की ही दुसरी आणि शेवटची खेप. रायपूरकडच्या एका कारखान्याने तिला नोकरी देऊ केली होती. मार्चअखेर हजर व्हायचं होतं. या वेळी सीट नाही तर नोकरी, आणि मग पोलादावर पुढे शिकायचं राहिलंच. तिचे बाबा प्रफुल रेल्वेत आहेत, ते म्हणाले, तुझी मर्जी. भय्याजी म्हणाले, सीट भेटते. एवढंच.

त्यांचा भरवसा ठाम होता, पण सरावातले गुण जागचे हलत नव्हते. अभ्यासात कमी नव्हती. सोडवलेले प्रश्न बहुतेक बरोबर यायचे, पण पासष्टांपैकी बारा-चौदा प्रश्नांपर्यंत ती पोचायचीच नाही. मी विचारलं की म्हणायची, "टाइम ही नहीं बचता, आई." आणि विषय बदलायची.

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा भय्याजींनी खुर्ची तिच्या मागे टाकली. इंग्रजी प्रश्न त्यांना वाचता येत नाहीत, पण मिलमध्ये तासाला किती रूळ निघाले ते मोजायची सवय होती. प्रश्न बदलला की ते जुन्या कॅलेंडरच्या मागे एक रेघ मारत आणि घड्याळात पाहत. मी भाजी निवडत दारातून बघत होते. रेघा पडत होत्या, आणि मग बराच वेळ एकही पडली नाही. त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. घड्याळ चालू होतं.

साडेबारा झाल्यावर त्यांनी विचारलं, "एकाच सवालावर सतरा मिनिटं काहून बसली होती?"

दीक्षा म्हणाली, "तुमीच तं सांगतलं, आबाजी. उघडलेलं काम तसंच सोडून उठायचं नाही."

जेवताना भय्याजींनी मीठ दोनदा मागितलं आणि दोन्ही वेळा घेतलं नाही. दुपारी अंगणात हातपंपाचं हँडल उगाच घट्ट करत बसले. ते घट्टच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लोखंडी पेटी उघडली. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या सेक्शनने एक कोरी लॉगबुक त्यांना भेट दिली होती. शिफ्ट संपताना काय झालं आणि काय राहिलं हे पुढच्या पाळीसाठी लिहायची वही. ती त्यांनी दीक्षापुढे ठेवली.

"छत्तीस सालात माह्या शिफ्टमधी सुरू झालेली सारी कामं मीच पुरी केली, असं वाटते का तुले?"

दीक्षाने मान हलवली, म्हणजे हो, तसंच वाटत होतं. मलाही तसंच वाटत आलं होतं.

"अर्धीबी नाही. भोंगा झाला का निघा लागे. पन बेअरिंग कुठवर उघडलं, बोल्ट कोनत्या डब्यात हायेत, पुढं काय पाहाचं, हे सारं लिहूनच निघालो. अर्धं सोडनं गुन्हा नाही, पोरी. न लिहता सोडनं गुन्हा हाय. हे मी तुले सांगतलंच नाही. चूक माही."

"पन माह्यानंतर बी शिफ्टले कोन येते, आबाजी? मी एकटीच तं हावो."

"बी शिफ्टलेबी तूच. चहा पिऊन आलेली."

त्या दिवसापासून तीन तासांच्या तीन पाळ्या झाल्या. पहिलीत सोपे हाती घ्यायचे, दुसरीत अर्धे सोडलेले, तिसरीत तपासणी. एखादा प्रश्न तीन मिनिटांत सुटला नाही की भय्याजी स्टीलच्या ग्लासावर पाना टेकवायचे, हलकं टण्ण. दीक्षा कच्च्या कागदावर एक ओळ लिहायची, कुठवर आलं, काय राहिलं, आणि पुढे जायची. सुरुवातीला तिला फार जड गेलं. दोनदा पाना वाजूनही ती हलली नाही, तेव्हा भय्याजींनी कॉम्प्युटरचा पडदा टॉवेलने झाकला. दोघांत बराच वाद झाला, तो मी ऐकला नाही असं दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात ती पाना वाजायच्या आतच पुढे सरकू लागली. शेवटच्या सरावात ती सगळ्या पासष्ट प्रश्नांपर्यंत पोचली. गुण मी सांगत नाही, पण त्या दिवशी मी साडेबारा वाजता मुद्दाम कुकर लावला.

परीक्षेच्या दिवशी पाना आत नेता येणार नव्हता. केंद्राबाहेर कडुनिंबाखाली बाकीचे पालक फाटकाकडे टक लावून होते. भय्याजी मात्र एका अनोळखी गृहस्थाला रूळ कसा थंड होतो ते समजावत होते. दीक्षा बाहेर आली आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाली, "अकरा सोडले होते. बी शिफ्टमधी सात झाले."

"बाकी चार?"

"लिहून सोडले."

"मंग झालं," ते म्हणाले आणि ऑटोवाल्याला हात केला.

निकाल मार्चात आला. सीट नक्की मिळेल एवढे गुण होते, वर थोडे शिल्लकही. दीक्षाने त्या कारखान्याला स्वतः फोन करून नाही कळवलं, अगदी सभ्यपणे. तिचे बाबा पावर हाउसच्या बाजारातून पेढे घेऊन आले. भय्याजींनी पहिला पेढा बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवला, दुसरा दीक्षाच्या हातावर. गल्लीतली माणसं येऊन-जाऊन झाली तेव्हा ते लॉगबुक घेऊन आले.

प्रश्नपत्रिका नेटवर आल्यापासून त्या वहीत ते चार प्रश्न दीक्षाच्या अक्षरात उतरवलेले होते. त्यातल्या तीन प्रश्नांपुढे बरोबरची खूण होती.

"हा एक अजून उघडाच हाय," भय्याजी म्हणाले.

दीक्षाने उरलेला पेढा तोंडात टाकला, हात ओढणीला पुसले आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. मी दारावरच्या बेलचा सेल पुन्हा काढून ठेवला.