भिंतीवरचं पान

पोलिसात असताना मी चोर आणले, दारुडे आणले, एकदा रुसून निघालेली नवरीसुद्धा समजूत घालून घरी आणून सोडली. मेलेला माणूस मात्र एकदाच आणला.

वडूजच्या अलीकडच्या एका गावातला तो. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, ह्यानं हाणलेल्या खोऱ्याच्या दांड्यानं समोरचा गेला आणि हा जन्मठेपेला गेला. सुटायची वेळ आली तेव्हा साहेबांनी मला बजावलं, "नुसतं दारात सोडून येऊ नका हवालदार. गावात रुळेपर्यंत जात राहा." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो. आधी चौकशीला गेलो तेव्हा त्याचा भाऊ वेशीवरच भेटला होता आणि "आणा की" एवढंच बोलला होता.

मोटरसायकलवरून आम्ही गावात शिरलो तसे पारावरचे लोक उठले. कुणी शिवी दिली नाही की दगड उचलला नाही. नुसते उठून घरात गेले आणि दारं लागली. त्याच्या घरी गेलो तर सोप्यात त्याचाच फोटो, हार घातलेला. भावानं मला बाजूला घेऊन पुटपुटत सांगितलं. स्वतःच्या पोरीचं लग्न जमेना, म्हणून हा तुरुंगात वारला असं त्यानं गावभर सांगितलं होतं आणि दहावाही घातला होता. असा संताप आला की वाटलं, त्याच्या कानाखाली दोन ओढाव्यात.

"आन् आई?" फोटोकडं बघत ह्यानं विचारलं.

म्हातारी चुलीपुढं होती. नजर चांगली, कानही चांगले. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. अजिबात घाबरली नाही.

"आज आवस न्हाई," ती म्हणाली, "मग कसा आलास रं?"

भाऊ रडला, तिच्या पाया पडला, खरं काय ते सांगून टाकलं. म्हातारी ढळली नाही. "कावळा माझ्यादेखत शिवला हुता," एवढंच म्हणाली.

पुढं मी जात राहिलो. त्याला स्टँडवर चहाला नेलं, न्हाव्याच्या खुर्चीत बसवलं, पारावर शेजारी घेऊन बसलो. हळूहळू लोक त्याला नावानं हाक मारायला लागले. एकानं तर बाजरी काढायला बोलावलं. मला वाटलं, जिंकलं. पण घर काही वळेना. भावानं फोटो उतरवला, तर म्हातारी भिंतीवर उरलेल्या पांढऱ्या चौकोनालाच गंध लावायची. पूर्वी ती अमावस्येला त्याच्या नावानं न्हाणीच्या भिंतीवर पान वाढून ठेवायची. आता तो रोज दिसतो म्हणून रोज ठेवायला लागली. भावजयीनं वाढलेल्या ताटाला तो हात लावायचा नाही. म्हातारी आत वळली की कावळ्यांच्या आधी जाऊन ते पान उचलायचा.

"मला दुसरं कायबी नगं सायेब," तो म्हणाला. "तिनं एकदा चुलीम्होरं बसवून वाढावं. ती वाढंना, तर मलाबी वाटाय लागलंय, आपुन खरंच..." मला त्याची लय कीव आली.

मग मी एक शक्कल काढली. एका दुपारी त्याच्यासोबत न्हाणीच्या भिंतीशी मांडी घालून बसलो आणि त्याच पानातलं खायला लागलो. मेलेल्याच्या पंगतीला जिता पोलीस कशाला बसेल, एवढं तरी म्हातारीला पटेल. भाकरी गरम होती, वर पिठलं. पत्र्यावर कावळे ओळीनं बसले होते आणि एकही ओरडत नव्हता.

म्हातारी दारात आली. मी हसून म्हणालो, "आई, बघा. तुमचा ल्योक माझ्यासंगं जेवतोय."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिचा चेहरा एकदम मायेचा झाला.

"आवं," तिनं हळूच विचारलं, "तुमी कवा गेलासा?"

मग आत जाऊन तिनं दुसरं पान वाढून आणलं आणि माझ्यासाठी भिंतीवर ठेवलं.